चार मिलिमीटर

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही माप खोटं लिहिलं नाही, ही आमच्या घरातली सर्वमान्य गोष्ट होती, आणि तिचा आम्हा सगळ्यांना भरपूर त्रास झालेला होता. पीडब्ल्यूडीच्या छत्तीस वर्षांत सतरा बदल्या कुणाच्या होतात? श्रीनिवास देवधरांच्या झाल्या. मी चौथीत असतानाची एक गोष्ट मला पक्की आठवते. कुठल्याशा पुलाचा खांब खचतोय का हे पाहायला रोज माप घ्यायचं होतं, आणि बाबांच्या हाताखालच्या इंजिनिअरने वीस दिवस एकच आकडा लिहून आणला होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आई म्हणाली, एकच आकडा आला तर चांगलंच की, खांब हललेला नाही. त्यावर बाबा म्हणाले, "अगं, पट्टी धरणारा हात रोज थोडा वेगळा पडतो. रोज तंतोतंत तेच माप येत असेल तर माणूस साइटवर गेलेलाच नाही."

हेच बाबा २०२० च्या फेब्रुवारीत महिनाभरासाठी माझ्या धाकट्या भावाकडे, हृषिकेशकडे, इंग्लंडला गेले आणि तिथेच अडकले. हृषी श्रूजबरी नावाच्या गावात डॉक्टर आहे. मार्चच्या अखेरीस लॉकडाउन लागला, हृषीची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली, आणि दुसऱ्याच दिवशी तो हॉस्पिटलने दिलेल्या एका खोलीत आणखी दोन डॉक्टरांबरोबर राहायला गेला. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट. वॉर्डातून घरी येऊन त्यांना आजार द्यायचा धोका घेणं शक्यच नव्हतं. दर रविवारी तो दारासमोरच्या पायऱ्यांवर सामानाची पिशवी ठेवायचा, रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहायचा आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघून हात करायचा. भारतात जाणारी विमानं बंद होती.

मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला. इथल्या सरकारने बाहेरच्यांना आत येऊ देणं बंद केलं होतं आणि आतल्यांना बाहेर जायलाही परवानगी लागत होती. मी अर्ज केला. वडील आजारी आहेत का, अत्यवस्थ आहेत का, असे प्रश्न होते. आजारी नव्हते. अर्ज नामंजूर झाला.

बाबा ज्या घरात अडकले होते ते १७७० च्या सुमाराचं. तळघर, तळमजला, त्यावर तीन मजले आणि पोटमाळा, अशी एकमेकांना चिकटून उभी असलेली लाल विटांची घरं, एका ओळीत नऊ, आता मजल्यागणिक एक भाड्याचा फ्लॅट. सरकारने जपणुकीच्या यादीत घातलेली, म्हणजे ग्रेड टू लिस्टेड. परवानगीशिवाय त्या घराला खिळा मारला तरी गुन्हा. पहिल्या आठवड्यात बाबांनी याची यथेच्छ टिंगल केली. "आपल्याकडे मंत्रालयाला एवढी फाइल लागत नाही, इथे कॅलेंडर टांगायला लागते," असं ते म्हणाले. मग हळूहळू ते घर त्यांना आवडायला लागलं.

व्यायामाला दिवसातून एकदा बाहेर पडायची मुभा होती. बाबा त्या तासात समोरच्या फुटपाथवर उभे राहून घर मोजायचे. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण पाहुण्यांचा दिवाणखाना तिथे. वर जाल तशा खिडक्या बुटक्या होत जातात, कारण वर मुलं आणि नोकर. दारावर पंख्याच्या आकाराची काचेची कमान, आतल्या अंधाऱ्या बोळात उजेड यावा म्हणून. विटा घासून पाचरीसारख्या केलेल्या आणि इतक्या नेमक्या बसवलेल्या की खिडक्यांवरच्या कमानींमध्ये चुन्याची रेघ दिसते न दिसते. "मिस्त्री शहाणा होता गं," बाबा म्हणाले. कंत्राटदार-मिस्त्री जमातीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

आमचं रोज बोलणं व्हायचं. त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे माझ्या संध्याकाळी सहाला. मी पण इंजिनिअर, बाबांमुळेच झाले, आणि इथे यायच्या आधी दोन वर्षं मी इंग्लंडमध्ये अशाच घरांच्या तपासणीचं काम केलं होतं. त्यामुळे आमच्या बोलण्यात तब्येत दोन मिनिटं आणि विटा वीस मिनिटं असत. नवरा, शैलेंद्र, पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. तो म्हणायचा, "तुम्ही दोघं फोनवर बोलता की टेंडर भरता?"

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला बाबा म्हणाले, "खिडकीशेजारी एक तडा दिसतोय."

त्यांनी फोन जवळ नेऊन दाखवला. खिडकीच्या चौकटीला लागून, भिंतीच्या जाडीत, उभा तडा. वर रुंद, खाली बारीक होत गेलेला. बाबांनी पुण्याहून खिशात आणलेली सहा इंची स्टीलची पट्टी लावली. साडेतीन मिलिमीटर.

"प्लास्टर वाळलं असेल," बाबा म्हणाले. "फेब्रुवारीत नदीला पूर होता. आता महिनाभर कडक ऊन आहे. चौकट आकसली."

"असेल," मी म्हणाले.

"वॉल दीड विटेची आहे. एक वीट लांब, एक हेडर, एक लांब, एक हेडर. सगळी दर्शनी भिंत तशी आहे, मी मोजलीय. हेडर पूर्ण आहेत ना, म्हणजे प्रश्न नाही."

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. विटेची लांब बाजू बाहेर दिसते ती साधी वीट. जिचं फक्त टोक बाहेर दिसतं आणि बाकीची भिंतीत खोल जाते ती हेडर. बाहेरच्या विटांना आतल्या विटांशी बांधून ठेवायचं काम हेडरचं. पण त्या काळी बाहेरची सुबक वीट महाग होती आणि बांधणारे घाईत असत. त्यामुळे पुष्कळ घरांत हेडर मधोमध तोडून अर्धेच लावलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला भिंत एकसंध दिसते. प्रत्यक्षात साडेचार इंचांचा एक सुबक पडदा आतल्या ओबडधोबड भिंतीला नुसता टेकून उभा असतो, चार मजले उंच. कधीतरी तो आतली भिंत सोडतो आणि बाहेर कलायला लागतो. तेव्हा पहिला तडा कुठे दिसतो? खिडकीच्या चौकटीला लागून, भिंतीच्या जाडीत. वर रुंद, खाली बारीक.

हे मला त्या क्षणी माहीत होतं. फोनवर बाबांचा चेहरा होता, दाढी वाढलेली, पाठीमागे ओट्यावर एक कप आणि एक ताटली. पाच आठवडे ते एकटे होते. मी म्हणाले, "हो बाबा, हेडर पूर्ण असतात. काळजीचं काही नाही. पण आपण लक्ष ठेवू. पेन्सिलने दोन खुणा करा आणि रोज माप घ्या."

"ते मला शिकवू नकोस, सुनेत्रा," बाबा म्हणाले, आणि खूष झाले. त्यांना काम मिळालं होतं.

त्यांनी हृषीच्या खणातून एक वही काढली, तिच्या पानांना नंबर घातले आणि पहिल्या पानावर "या वहीत १ ते ९६ पृष्ठे आहेत" असं लिहून सही केली. आकडा रोज सकाळी मला सांगायचा असं ठरलं. मी पण माझ्या डायरीत लिहायला लागले. साडेतीन. चार. साडेतीन. चार. साडेतीन. चार, पण पट्टी जरा तिरपी धरली होती म्हणून परत साडेतीन.

दरम्यान घरमालकाच्या एजंटला मी ईमेल केली. उत्तर आलं की लॉकडाउन उठल्यावर तपासणी होईल आणि घर लिस्टेड असल्यामुळे खास सल्लागार लागेल. मी हृषीला सांगितलं. तो त्या दिवशी सोळा तास पीपीई घालून आला होता. त्याच्या नाकावर मास्कचा वण होता. "ताई, सीरियस आहे का? असेल तर मी त्यांना इथे आणतो. पण इथे म्हणजे तू बघतेस ना कुठे? आम्ही तिघं आहोत रूममध्ये. श्रीनाथ कालच पॉझिटिव्ह निघालाय."

"अजून तरी स्टेबल आहे," मी म्हणाले. "लेट मी मॉनिटर इट."

मॉनिटर करणं हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. काही न करता काहीतरी केल्यासारखं वाटतं.

सहा मेपासून माप चारवर आलं आणि तिथेच राहिलं. सात मे, चार. आठ मे, चार. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या आठवड्यात पहिल्यांदा संध्याकाळी समुद्रावर चालायला गेले. ऊन सरलं, आमच्याकडची मे महिन्यातली थंडी पडायला लागली, इथले निर्बंध सैल झाले, कॅफेत दहा माणसं बसू लागली. मी ऑफिसच्या कामाने एका घराच्या भेगा बघून आले. इथली घरं आतून लाकडी सांगाड्याची असतात आणि वीट बाहेरून नुसती शोभेला असते. ते कुणी लपवत नाही, नकाशावरच लिहिलेलं असतं. मला वाटलं, बरं आहे, निदान कबूल तरी करतात.

बाबांनी या दिवसांत खुर्चीची जागा बदलली होती. आता ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. खिडकीवर हृषीचा निळ्या रेघांचा पडदा ओढलेला असायचा.

"तडा दाखवा ना," मी एकदा म्हणाले.

"ऊन येतं गं तोंडावर. चार आहे, चारच. काल काय जेवलीस?"

बाबांनी मी काय जेवले हे या आधी कधी विचारलं होतं? मला आठवत नाही. पण मला वाटलं, म्हातारपण आहे, एकटेपणा आहे, माणूस मऊ होतो. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

पंचवीस मे, सोमवार. माझ्याकडे बाहेर काळोख पडला होता, वरणाला फोडणी दिली होती, फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला होता.

"आजचं माप?"

"चार," बाबा म्हणाले.

मी डायरीत चार लिहिलं आणि वर बघितलं. बाबांच्या मागचा पडदा आत फुगला, थोडा वेळ तसाच राहिला आणि परत खाली बसला. जरा वेळाने पुन्हा फुगला.

"बाबा, खिडकी उघडी आहे का?"

"नाही. बंद आहे. वारा आहे आज बाहेर."

"मग पडदा का हलतोय?"

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. माणूस वळून बघतो. ते माझ्याकडेच बघत राहिले आणि म्हणाले, "पंखा."

इंग्लंडमधल्या फ्लॅटच्या छताला पंखा नसतो. छत्तीस वर्षं ज्या माणसाने कंत्राटदारांची थापेबाजी पकडली, त्याला स्वतःला एक साधी थाप मारता आली नाही. मी डायरीची पानं मागे उलटली. सहा मेपासून त्या दिवसापर्यंत. चार, चार, चार, चार. बोट ठेवून मोजले. वीस दिवस, वीस वेळा चार. मला चौथीतलं ते जेवणाचं ताट आठवलं, बाबांनी पुढे सारलेलं.

"बाबा," मी म्हणाले, "पट्टी धरणारा हात रोज थोडा वेगळा पडतो ना?"

त्यांनी हात मागे नेऊन पडदा दाबून धरला.

"किती आहे खरं?"

"आधी गॅस बंद कर. तुझं वरण करपेल."

"किती आहे?"

"साडेअकरा," बाबा म्हणाले.

मी गॅस बंद केला. साडेअकरा मिलिमीटर तडा वरच्या टोकाला, आणि वारा त्यातून आरपार येतोय. म्हणजे बाहेरचा विटांचा पडदा सुटला आहे. तो आज उभा आहे तो केवळ सवयीने.

"आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

"उगाच घाई करू नकोस. मी रोज बघतोय. वेग ठरावीक आहे."

"वेग कसला ठरावीक? साडेतीनचे साडेअकरा झाले."

"आणि उतरून जाऊ कुठे?" बाबांचा आवाज चढला. "हॉटेलं बंद आहेत. हृषी मला त्याच्या खोलीत नेईल, नाहीतर ड्यूटी सोडून येईल. वॉर्डात माणसं मरतायत आणि त्याने बापाला मांडीवर घेऊन बसायचं? दीडशे वर्षांवर आणखी शंभर वर्षं उभं आहे घर. दोन आठवडे उभं राहील."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं बोलणं अर्ध्यात तोडलं. हृषीला तीनदा लावला. उचलला नाही, उचलणार नव्हताच, तो वॉर्डात होता. मग कौन्सिलचा नंबर शोधला. तिकडे नेमकी बँक हॉलिडे होती. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने आणीबाणीचा नंबर सांगितला, तो मी ताटलीवर पीठ सांडलं होतं त्यात बोटाने लिहिला, कारण पेन हाताला लागेना.

एका बाईने उचलला. मी पत्ता सांगितला, तडा सांगितला, हेडर सांगितले.

"तुम्ही इमारतीत आहात का?"

"नाही. वॉलॉंगॉंगमध्ये."

"ते वेल्समध्ये आहे का?"

"न्यू साउथ वेल्समध्ये," मी म्हणाले. "ऑस्ट्रेलिया. माझे वडील आत आहेत. मी त्यांना सांगितलं होतं की भिंत ठीक आहे."

ती बाई म्हणाली की माणूस लगेच निघतोय, चाळीस मिनिटं लागतील, तोवर सगळ्यांना बाहेर काढा. सगळ्यांना म्हणजे बाबांना आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजीबाईंना. मधले दोन फ्लॅट मार्चपासून रिकामे होते.

मी परत बाबांना लावला. त्यांनी उचलला. ते तसेच खुर्चीत बसलेले होते, मागे पडदा आत-बाहेर होत होता.

"मी कौन्सिलला कळवलंय."

"मला न विचारता?"

"हो."

"हे घर कुलूपबंद करतील. हृषीच्या नावावर भाडं आहे."

"बाबा, मी तुम्हाला मुलगी म्हणून नाही विचारत. तुम्ही एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होता. तुमच्या साइटवर भिंत साडेअकरा सुटली असती आणि खाली माणूस असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मला ओरडावंसं वाटत होतं.

"साइट रिकामी केली असती," ते म्हणाले.

"मग करा."

ते उठले. उठताना "गोळ्या" म्हणाले, आणि मी म्हणाले, घ्या, फक्त गोळ्या घ्या. त्यांनी गोळ्या घेतल्या, वही घेतली, स्टीलची पट्टी घेतली. मग फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि मला नुसतं पांढरं कापड दिसायला लागलं. दार उघडल्याचा आवाज आला. जिना सुरू झाला. ते पायऱ्या मोजत उतरत होते, त्यांची ती जुनीच सवय, एक, दोन, तीन, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज त्या आकड्यांच्या मध्ये येत होता. मी खुर्चीला धरून उभी होते. एकवीसवर ते थांबले.

"बाबा?"

"दम लागला."

"बसू नका. कठडा धरा. चला."

बावीस. तेवीस. शैलेंद्र शिफ्टहून आला, माझ्याकडे बघितलं आणि बॅग न ठेवताच दारात उभा राहिला. मी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं. एकेचाळीस. बेचाळीस. अठ्ठावन्नवर आकडे थांबले आणि मला वाटलं, सुटलो.

तेव्हा दारावर थाप पडल्याचा आवाज आला. घराच्या आतल्या दारावर. बाबा तळमजल्यावरच्या आजीबाईंना उठवत होते. "मॅडम, प्लीज कम आउट. वॉल इज नॉट गुड." आतून काहीतरी उत्तर आलं. बाबा पुन्हा म्हणाले, "नो, नो, नॉट टी. वॉल." त्या बाईंना कोट घालायचा होता. बाबा त्या दर्शनी भिंतीपासून दोन हातांवर बोळात उभे राहून त्यांच्या कोटाची वाट बघत होते. तीन मिनिटं. मी घड्याळात बघितलं, म्हणून सांगते. त्या तीन मिनिटांत मी देवाला जे जे कबूल केलं ते अजून फेडून झालेलं नाही.

मग मोठं दार उघडलं, पक्ष्यांचा आवाज आला, आणि बाबा म्हणाले, "आलो. समोरच्या फुटपाथवर आहे. आता ठेव फोन." आणि त्यांनीच ठेवला.

कौन्सिलचा माणूस आला, त्याने खालूनच बघून रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला. बाबांची आणि आजीबाईंची सोय टेकडीवरच्या एका बंद असलेल्या खानावळीच्या वरच्या खोल्यांत झाली. हृषीला ड्यूटी सोडावी लागली नाही. इतकं साधं होतं ते. वीस दिवस आधी एक फोन केला असता तरी इतकंच साधं झालं असतं.

बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मंगळवारी सहाला फोन आला नाही. बुधवारी पण नाही. बुधवारी हृषीने घराचा फोटो पाठवला. टेकू लावायला नळ्यांचा पहाड बांधणं चालू असताना तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांमधला विटांचा पडदा खाली आला होता, साधारण एका पलंगाएवढा. कुणाला लागलं नाही. आतली ओबडधोबड भिंत उघडी पडली होती, आणि खिडकीत निळ्या रेघांचा पडदा बाहेर लोंबत होता. विटा पडल्या होत्या त्या दारासमोरच्या पायऱ्यांवर, जिथे हृषी दर रविवारी पिशवी ठेवायचा. मी फोटो मोठा करून बघितला. ढिगातले हेडर अर्धे होते. सगळेच्या सगळे.

गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला नाही, पण व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले. एकामागून एक, वहीची पानं. मजकूर काही नाही. बाबांनी पानांवर रकाने आखले होते, तारीख, माप, शेरा, आणि शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा, तो रिकामा. अक्षर नेहमीसारखं, सरळ.

सात मे, ५. कळवले ४. आठ मे, ५.५. कळवले ४. नऊ मे, ५, पट्टी तिरपी धरली असावी. कळवले ४. तेरा मे, ७. कळवले ४. एकोणीस मे, ८.५, रात्रभर पाऊस नाही. कळवले ४. चोवीस मे, ११. कळवले ४. पंचवीस मे, ११.५. कळवले ४, नंतर ११.५. साइट रिकामी केली. आदेश सुनेत्रा.

वहीत त्यांनी एकही माप खोटं लिहिलेलं नव्हतं. मला खोटं सांगितलं, ते सुद्धा खरं लिहून ठेवलं होतं. मी हसले, मग रडले.

मी सगळी पानं प्रिंट केली. जेवणाच्या टेबलावर बसले आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात एकेका ओळीसमोर सही करायला लागले. बाबांना ते हवं होतं, नाहीतर त्यांनी तो रकाना आखलाच नसता. पंचवीस मेपासून मागे मागे येत गेले. शेवटी सहा मेची ओळ आली, जिथून चार सुरू झाले होते. तिथला शेरा इतरांहून लांब होता.

"सहा मे. माप ५. छत्रीची काडी तड्यातून आत घालून भिंतीच्या आत बाजूला सरकवली. नऊ इंचांपर्यंत वीट आडवी येत नाही. हेडर अर्धे आहेत. चि. सुनेत्रा पूर्ण म्हणते. तिने अशी घरे पाहिली आहेत, तिला माहीत असणार. ती तिकडून येऊ शकत नाही म्हणून तसे म्हणते. आजपासून मीही ४ कळवतो."

त्या ओळीसमोर सही करायला मला बराच वेळ लागला.